दिवस कागदावर, रात्र अंधारात : बाहेरून आलेल्या माणसाचं रोजचं जगणं कसं शोधायचं?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, 'तुमचा संशोधन-प्रश्न एका वाक्यात सांगा.' माझा सांगतो. दूरदेशाहून येऊन आपल्याकडे राहिलेल्या माणसाचं रोजचं जगणं इतिहासात कसं पकडायचं? त्याची कारकीर्द, त्याच्या बदल्या मला नकोत. तो सकाळी कुठे भटकायचा, कोणत्या टेकडीवर चढायचा आणि अंधार पडल्यावर गावात जे चालायचं त्यात तो होता की नव्हता, एवढंच मला हवंय.

हा प्रश्न मला जवाहरनगरात पडला. नागपूर-भंडारा रस्त्यावर ठाणा पेट्रोल पंपाशी उतरलात की ऑर्डनन्स फॅक्टरीची ही वसाहत जवळच आहे. देशभरातून नोकरीसाठी आलेली माणसं इथे राहतात. सुट्टीच्या दिवशी कोणी अंबागडचा किल्ला चढून येतं, कोणी गायमुखला जातं, कोणी कोका अभयारण्यात. त्यांचे फोटो असतात. पण दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावांत मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, त्याचं काय? कोण गेलं, कोण घरीच थांबलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. वर्तमानाची ही गत, तर दीडशे वर्षांपूर्वीची काय असेल?

म्हणून एक जुनं उदाहरण घेऊ. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मध्ये तो नागपुरात आला आणि १८६३ मध्ये इथेच मेला. म्हणजे अठराएक वर्षं. आज हिस्लॉप कॉलेजमुळे नाव माहीत असतं, माणूस माहीत नसतो. हा माणूस जबरदस्त पायपीट करणारा होता. प्रचाराच्या दौऱ्यावर निघाला तरी हातोडी सोबत. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. अर्थ सरळ होता : एक लाव्हा येऊन थंडावल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये तळी साचली होती, त्यांत जीव राहत होते. १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. मांगलीहून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेनने त्याच वर्षी केलं. 'हिस्लोपाइट' नावाचं खनिजही याच्याच नावावर आहे.

बघा, दिवस किती भरगच्च आहे! कुठला दगड, कुठल्या गावाजवळ, किती थर. टेकडीवरची भटकंती विज्ञान झाली, विज्ञान छापलं गेलं, छापलेलं जपलं गेलं. म्हणून आपल्याला दिसतं. आता रात्र शोधा. मला प्रामुख्याने तीनच ठिकाणी ती सापडते.

पहिली, १३ जून १८५७. टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाचा उठाव त्या रात्री व्हायचा होता. शहरातून आकाशात सोडलेले अग्निदिवे ही त्याची खूण ठरली होती, असं सांगतात. बेत आधीच फुटला. हिस्लॉपला एका मुसलमान स्नेह्याने सावध केलं होतं, असं त्याच्या चरित्रात येतं. इथे थांबा आणि विचार करा. असा इशारा अनोळखी माणूस देत नाही. म्हणजे ओळख होती, येणं-जाणं होतं. पण हे नातं कागदावर आलं ते केव्हा? जिवावर बेतलं तेव्हा. त्याआधीच्या बारा वर्षांतल्या साध्या संध्याकाळी, ओसरीवरच्या गप्पा, सगळं गायब.

दुसरी, ४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला. एका गावातली शाळा तपासायला मागे थांबला. मुक्कामाकडे परतताना अंधारात पुराने फुगलेला नाला ओलांडताना बुडाला. घोडा एकटाच परत आला. हीही रात्र नोंदली गेली, कारण तिने माणूस नेला.

तिसरी मात्र वेगळी आहे, आणि माझं सगळं संशोधन तिच्यावर उभं आहे. टेंपलने हिस्लॉपच्या टिपणं एकत्र करून १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात गोंडांच्या लिंगोची गाणी आहेत, रोमन लिपीत गोंडी शब्द आणि सोबत भाषांतर. ही गाणी परधान गायकांच्या परंपरेतली. किंगरी वाजवत, जमलेल्या माणसांसमोर गायची. ओळीवर ओळ, क्रमांक घालून ती पानावर आली तेव्हा काय काय गळलं? वाद्य गळलं. ऐकणाऱ्यांची दाद गळली. मध्येच थांबून केलेला विनोद गळला. शब्द राहिले, मैफल गेली.

इथे नवशिक्या संशोधकाचा पाय घसरतो. माझाही घसरला होता. पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, 'हिस्लॉपला गावच्या रात्रीत रस नव्हता.' मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला : 'कशावरून?' बरोबरच होतं. पत्र कोणाला लिहिलंय ते आधी बघावं लागतं. मिशनला पैसे देणाऱ्या स्कॉटिश मंडळींना लिहिणारा माणूस, 'काल रात्री दंडार बघितली, मजा आली' असं लिहिणार आहे का? बघितली असती तरी लिहिलं नसतं, नसती बघितली तरी लिहिलं नसतं. म्हणजे मौनावरून काहीच सिद्ध होत नाही. मौन म्हणजे 'नाही' नव्हे. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं आणि लिहिलं, 'रात्रीचे उल्लेख संकट किंवा संग्रह याच रूपात येतात.' हे दाखवता येतं, म्हणून हे टिकतं.

मग उरलेली रात्र कुठे शोधायची? स्थानिक बाजूला. झाडीपट्टीत ती जिवंत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत दंडार आणि खडी गंमत होती, त्याच मातीत झाडीपट्टी रंगभूमी वाढली. वडसा हे तिचं मोठं केंद्र. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, पहाटे प्रेक्षक घोंगडी गुंडाळून घरी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांवर आयुष्य घातलं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे रात्रीलाही जाणकार आहेत, फक्त ते अभिलेखागारात बसलेले नाहीत. तिथे नाटकाची पत्रकं, मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, जुन्या नटांच्या आठवणी हीच साधनं. पत्रकावर तारीख, गाव, तिकीट सगळं असतं, पण रद्दीत जातं. तुमच्या गावात असेल तर आजच उचलून ठेवा.

आता पुन्हा जवाहरनगर. २४ जानेवारी २०२५ ला या फॅक्टरीत स्फोट झाला, कामगार दगावले. त्या दिवशी देशभरच्या बातम्यांत हे नाव आलं. उद्याचा इतिहासकार 'जवाहरनगर' शोधेल तेव्हा त्याला काय सापडेल? स्फोट. हिस्लॉपच्या रात्रींसारखंच : संकट आलं तरच नोंद. पण त्या कामगारांनी रविवारी अंबागड चढला असेल, पोरांना खांद्यावर घेऊन मंडईत नाटक बघितलं असेल. 'असेल' म्हणतोय, कारण अजून कोणी विचारलेलं नाही.

विचारणं हेच तर आपलं काम. मुलाखतीला गेलात की 'तुमचं काम काय होतं?' यावर थांबू नका. ड्युटी संपल्यावर काय करायचात, रात्री कोणासोबत जायचात, परत कसे यायचात, हे विचारा. आणि आधी परवानगी घ्या. ज्यांच्या घरात माणूस गेलाय त्यांच्या दारात टेपरेकॉर्डर घेऊन घाईने उभं राहू नका. मी अजून त्या घरांत गेलेलो नाही. आधी मंडईत जाऊन बसतो आहे. रात्र पूर्ण बघितल्याशिवाय तिच्याबद्दल प्रश्न विचारायचा हक्क मला नाही, असं वाटतं.