शाळेतील दुपारचे जेवण: परिणाम मोजायचा कधी?

सन १९२०. मद्रास महापालिकेचे अध्यक्ष होते पिट्टी त्यागराय चेट्टी. थाउजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचा ठराव संमत झाला. अट एकच : प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोजचा खर्च एक आण्याहून अधिक नसावा. पुढे के. कामराज यांनी १९५६ च्या सुमारास हीच कल्पना मद्रास राज्यभर नेली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशव्यापी योजना सुरू केली. परंतु बहुतेक राज्यांत मुलांना ताटाऐवजी महिन्याला ३ किलो धान्य मिळे. घरी नेलेले धान्य साऱ्या कुटुंबाच्या हंडीत जाई. मुलाच्या वाट्याला नेमके किती येई, हे कोणालाच सांगता येत नसे.

२००१ मध्ये सरकारी गोदामे भरलेली असताना दुष्काळी भागांत उपासमार होत होती. त्यावरील जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर रोजी आदेश दिला : प्राथमिक शाळेत शिजवलेलेच अन्न द्यावे, त्यात किमान ३०० कॅलरी ऊर्जा आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, वर्षातून किमान २०० दिवस ते मिळावे. या आदेशाने हक्काला परिमाणे दिली. ‘पुरेसे अन्न’ या शब्दांवर वाद घालता येतो. ग्रॅम आणि दिवस मात्र कोणालाही तपासता येतात.

परिणाम कधी मोजायचा, हा प्रश्न उरतो. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ज्या मातांना शालेय वयात योजनेचा पूर्ण लाभ मिळाला, त्यांच्या मुलांची वयानुरूप उंची लाभ न मिळालेल्या मातांच्या मुलांपेक्षा सुमारे ०.४ प्रमाण विचलनाने अधिक आढळली. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यातील कार्यकारणभाव नियंत्रित प्रयोगाइतका निर्विवाद नाही. तरीही अशा परिणामासाठी आज जेवणारी मुलगी आई होईपर्यंत थांबावे लागते, हे त्याने दाखवले. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात या खर्चाचा लाभ शोधणाऱ्यांनी मोजमापाचा हा कालावधी विसरू नये.