भिंतीतला आडवा दगड

मलकापूरचा इतिहास सांगावयाचा म्हटले की माणसे बहुधा १८४४ सालापासून प्रारंभ करतात. त्या वर्षी कोल्हापूर राज्यात गडकऱ्यांचे बंड झाले. ते मोडल्यावर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले. ही हकीकत खरी, आणि ती दप्तरात आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर ते ठाणे चालले, त्याचे घर कोणत्या दप्तरात आहे? त्या घराचा इतिहास वाचावयाचा तर भिंतच वाचली पाहिजे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातची, हे आधी विचारण्याची आम्हांस सवय.

आंबा घाटाच्या अंगाला जांभा मिळतो, देशाकडे सरकावे तसा काळा दगड. जांभा खाणीत मऊ असतो. त्याचे चिरे तासता येतात आणि वारा लागला की तो टणक होतो. काळा दगड तसा वश होत नाही, म्हणून गरिबाच्या भिंतीत तो ओबडधोबडच बसतो. चुना वाड्यांसाठी, शेतकऱ्याच्या दगडाला सांधणारा तो चिखल. चिखलाचा वैरी पाऊस, आणि तो तर इथे धो धो कोसळतो. म्हणून जोते उंच, छप्पर उतरते आणि वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे. छपरावर पूर्वी गवत, मग नळीची कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर मंगळुरी कौले हळूहळू सर्वत्र पोचली.

पुष्कळ घरांत पुढच्या सोप्यात जनावरे, आत माजघर, वर माळा. गुरांची ऊब माणसांना मिळे. चुलीचा धूर माळ्यावरचे धान्य किडीपासून राखी, आणि बाईच्या डोळ्यांतही जाई. जुन्या घराचे गोडवे गाताना हे विसरू नये.

एका छपराखाली गुरे-माणसे ही रीत केवळ आपली नव्हे. वेल्स देशातही शेतकऱ्याचे दगडी ‘लांब घर’ असेच असे. तिथले किलेवेंट नावाचे, १७३४ साली दगडात नव्याने बांधलेले घर उतरवून सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात पुन्हा उभे केले आहे. राजवाडा नव्हे, शेतकऱ्याचे घर!

आता मुख्य गोष्ट. जाड दगडी भिंत ही खरे म्हणजे दोन भिंती असतात: एक बाहेरची, एक आतली, मध्ये भर. त्यांना एकत्र धरतो तो आरपार जाणारा लांब आडवा दगड. गिलाव्याखाली तो कोणाला दिसत नाही. शहाणा गवंडी तो ठरावीक अंतरावर घालतोच. उक्त्या कामात, घाईत, मजुरी कापली गेली की पहिला गळतो तो हाच दगड.

त्याची किंमत महाराष्ट्राने दोनदा मोजली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला अशा चिखलातल्या दगडी भिंती फुटल्या. किल्लारीकडे तर हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. पुढे जुन्या भिंती आरपार भोसकून त्यांत सळई-काँक्रीटचे बंध घालण्यास शिकविण्यात आले. म्हणजे जुन्या गवंड्याला जे ठाऊक होते, तेच पुन्हा शिकावे लागले.

आणि हा दगड फोडला कोणी? वडाराने. दुसऱ्यांची दगडी घरे उभी करून तो स्वतः पालात राहिला. त्याचे नाव ना चौकटीवर, ना दप्तरात.

आज ही घरे झपाट्याने पडत आहेत. ज्यांना सिमेंटचे घर हवे त्यांना ते जरूर मिळो. अंधाऱ्या माजघरात कोणी राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र घर पाडण्यापूर्वी त्याची मापे घ्यावीत, नकाशा काढावा, गावातल्या वृद्ध गवंड्याला बोलते करावे आणि बांधणाऱ्यांची नावे सापडतील तितकी लिहून ठेवावीत. याला सरकारी मंजुरी लागत नाही. एक वही आणि एक फीत पुरते.

आपल्या समाजाच्या भिंतीतही असे आडवे दगड आहेत. ते दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे मात्र कोणी समजू नये.