पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा: त्यात टिपलेलं तुमचं चित्रीकरण कुणाचं?

माऊलींची पालखी फलटणच्या विमानतळावर मुक्कामाला येते, तेव्हा शहरात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत बंदोबस्तावरच्या पोलिसाने बॉडी कॅमेरा लावला, तर त्यात भांडण करणारा दिसेल, तशी रस्त्याकडेला झोपलेली वारकरी महिलाही दिसेल. तिचा कशाशीच संबंध नसताना. गोपनीयतेचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

बॉडी कॅमेऱ्याचा फायदा कुणाला?
दोघांनाही. गणवेशावरचा हा छोटा कॅमेरा चित्र आणि आवाज टिपतो. पोलिसाने पैसे मागितले की नागरिकाने हात उचलला, हे नंतर तपासता येतं. अर्थात, त्या वेळी कॅमेरा सुरू असेल तरच.

कायदा काय सांगतो?
भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. पोलिस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. रस्त्यावरच्या बॉडी कॅमेऱ्यासाठी मात्र स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

मग गोपनीयतेचं काय?
गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी सवलती आहेत. पण तपासासाठी चित्रीकरण करणं वेगळं आणि ती क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवणं वेगळं. लैंगिक अत्याचार पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

नागरिक पोलिसांचं चित्रीकरण करू शकतात?
वर्ध्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं की, पोलिस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. त्यामुळे तिथलं चित्रीकरण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

फुटेज हवं असेल तर?
तारीख, वेळ, ठिकाण आणि पोलिसाचा बकल नंबर लगेच लिहून ठेवा. फुटेज पुसू नये, अशी लेखी मागणी करून पोच घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. तपासात अडथळा येईल, या कारणाने नकार मिळू शकतो. अशा वेळी अपील करता येतं आणि खटला सुरू असेल तर न्यायालयही फुटेज मागवू शकतं. उशीर मात्र करू नका. पुसलेलं फुटेज न्यायालयालाही पाहता येत नाही.