नव्या सर्व्हरवर आलेले टपाल आणि मागे राहिलेली बारनिशी

जानेवारी २००६. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचे माजी कर्मचारीप्रमुख लुईस लिबी यांच्यावर खटला चालू होता. विशेष सरकारी वकील पॅट्रिक फिट्झगेराल्ड यांनी बचाव पक्षाला पाठवलेल्या पत्रात एक माहिती होती: २००३ मधील काही काळाचे व्हाइट हाउसचे सगळे ईमेल नेहमीच्या पद्धतीने जतन झालेले नाहीत. सीआयएच्या गुप्त अधिकारी व्हॅलरी प्लेम यांचे नाव फुटले ते वर्षही २००३ च.

ईमेल मुद्दाम पुसले गेले, हा संशय लोकांना येणे साहजिक होते. पण या घोटाळ्याचे मूळ बऱ्याच रुक्ष ठिकाणी सापडते. व्हाइट हाउसने मध्यंतरी आपला मेल सर्व्हर बदलला होता.

संशयाला इतिहासही होता. १९८६ च्या नोव्हेंबरात इराण-काँट्रा प्रकरण उघड होताच जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी ‘प्रॉफ्स’ या आयबीएमच्या प्रणालीतले आपले हजारो संदेश पुसले. बॅकअप टेपवर त्यांच्या प्रती शिल्लक आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. चौकशी समितीला ते संदेश मिळाले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये रेगन पायउतार होत असतानाच या टेप वाचवण्यासाठी न्यायालयात दावा दाखल झाला. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की ईमेल हा सरकारी दस्तऐवज आहे आणि तो छापून मूळ प्रत फेकता येणार नाही.

या निकालानंतर १९९४ मध्ये ‘आर्म्स’ ही जतनप्रणाली उभी राहिली. मराठी वाचकांनी तिला कचेरीतली बारनिशी समजावे. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद जशी बारनिशीत होते, तशी प्रत्येक ईमेलची प्रत कर्मचाऱ्याच्या नकळत आर्म्सकडे जाई. त्याने स्वतःच्या पेटीतून पत्र पुसले, तरी दप्तरात ते राही.

ही बारनिशी किती नाजूक होती, ते क्लिंटन यांच्या काळातच दिसले. १९९६ मध्ये ‘मेल-टू’ नावाचा सर्व्हर आला. त्याचे नाव एका ठिकाणी सगळ्या मोठ्या रोमन अक्षरांत नोंदले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी मोठ्या-लहान अक्षरांत. आर्म्सच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरली. देवनागरीत असला भेदच नाही, म्हणून आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण त्यापायी सुमारे पाचशे खात्यांवर बाहेरून येणारे ईमेल दोन वर्षांहून अधिक काळ दप्तरी दाखल झाले नाहीत. पत्रे मात्र ज्याची त्याला वेळेवर मिळत होती. मग तक्रार करणार कोण?

बुश प्रशासनाने २००२ पासून ‘लोटस नोट्स’ सोडून मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’कडे स्थलांतर सुरू केले. ईमेल हलवण्याचे काम तत्त्वतः सोपे असते: जुन्या पेटीतले पत्र वाचायचे, नव्या पेटीत लिहायचे, शेवटी दोन्हीकडची संख्या ताडून पाहायची. पण आर्म्स नोट्सला जोडलेली होती आणि एक्स्चेंजशी तिचे जमेना. कर्मचारी नव्या घरी आले, बारनिशी जुन्या घरीच राहिली. तिच्या जागी तात्पुरती सोय म्हणून ईमेलच्या प्रती पीएसटी फाइलींच्या गठ्ठ्यांत साठवण्यात येऊ लागल्या. गठ्ठे बांधायचे, नावे द्यायची, योग्य जागी ठेवायचे, यात माणसांचा हात आला. तात्पुरती सोय वर्षानुवर्षे चालली, हे सरकारी कचेऱ्या पाहिलेल्या कोणालाही नवल वाटणार नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये व्हाइट हाउसच्याच तंत्रज्ञांनी मोजणी केली. वेगवेगळ्या विभागांचे मिळून ४७३ दिवस असे निघाले, की त्या विभागाचा त्या दिवशीचा एकही ईमेल साठ्यात नव्हता. चेनी यांच्या कार्यालयाचे असे १६ दिवस होते.

२००७ मध्ये दोन संस्था न्यायालयात गेल्या. डिसेंबर २००९ मध्ये, ओबामा प्रशासनाच्या काळात तडजोड झाली, तेव्हा सुमारे २ कोटी २० लाख ईमेल सापडल्याचे जाहीर झाले. त्यांतले पुष्कळसे नष्ट झालेच नव्हते, त्यांच्यावरची नावे चुकली होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्याने रुमाल सोडले आहेत, त्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. चिठ्ठी चुकलेला रुमाल दप्तरात असूनही नसल्यासारखाच असतो.

उरलेल्यांपैकी निवडक ९४ दिवसांचे ईमेल बॅकअप टेपवरून परत मिळवण्याचे ठरले. मात्र टेप ही बारनिशी नव्हे. टेपवर त्या रात्री पेटीत जे असेल तेवढेच उतरते. सकाळी आलेले आणि दुपारी पुसलेले पत्र तिथे नसते. त्यातच ऑक्टोबर २००३ पर्यंत जुन्या टेप पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. शिल्लक टेपांपैकी सर्वांत जुनी २३ मे २००३ ची निघाली. इराकवरची चढाई सुरू झाली होती २० मार्चला.