दाब, सोड, दाब

आमचे अण्णा सोलापूरहून पुण्याला चादरींच्या गाठी घेऊन ट्रक न्यायचे. मला गाडी शिकवताना त्यांचा मंत्र एकच: दाब, सोड, दाब. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या धुळीचा आणि ऑइलचा राडा झाला की ब्रेक दाबून धरणाऱ्याच्या गाड्या आडव्या होतात, हे त्यांनी मोहोळच्या पुढे अनेकदा पाहिलं होतं.

हे शहाणपण रेल्वेइतकं जुनं आहे, हे मला फार उशिरा कळलं. सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. पुढे १८७८ मध्ये इंग्लंडात कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या साथीने धावत्या गाडीवर ब्रेकची मोजमापं घेतली. फिरतं चाक रुळाला जितकं धरतं, तितकं जाम होऊन घसरणारं चाक धरत नाही, असं त्यांत दिसलं. म्हणजे प्रमाणाबाहेर जोर लावला, तर गाडी उलट उशिरा थांबते! रबरी टायरला आणखी एक अडचण आहे. पुढचं चाक जाम झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

यावरचा यांत्रिक उपाय आधी विमानांना मिळाला, १९५० च्या दशकात डनलॉपच्या मॅक्सारेटमुळे. १९६६ मध्ये तो जेन्सन एफएफ या कारमध्ये आला आणि १९७८ मध्ये, गाल्टन यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो. एखादं चाक एकदम मंदावलं की व्हॉल्व्ह त्याच्या ब्रेकवरचा ऑइलचा दाब कमी करतो, मग पुन्हा वाढवतो. सेकंदाला कितीतरी वेळा. म्हणजे अण्णांचंच काम, फक्त प्रत्येक चाकासाठी वेगळं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्यातही अनेकींना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं जाम होऊ शकतं, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

आमच्या घरी एबीएसवाली कार आली त्या हिवाळ्यात टेंभुर्णीजवळ अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही. अण्णांनी सवयीने दाब, सोड, दाब केलं. पाय उचलला की गाडी पुन्हा पळायची. हातभर अंतर राहिलं.

आठवडाभर आमचा वाद चालला. शेवटी त्यांना एका मोकळ्या मैदानात नेलं. "अण्णा, पूर्ण दाबा आणि सोडू नका." त्यांनी दाबला. पेडल पायाखाली थडथडलं, खरखर आवाज झाला, आणि त्यांनी झटकन पाय काढला.

"काहीतरी तुटलं रे."

"तुटलं नाही. ते चालू झालंय."

दुसऱ्यांदा त्यांनी धरून ठेवला आणि स्टिअरिंगही वळवलं. गाडी वळत वळत थांबली. मग आम्ही कडेच्या सुट्या खडीवर गेलो, तिथे ती जरा लांब जाऊन थांबली. जाम चाकापुढे खडीचा ढीग साचतो आणि अटकाव करतो. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ढीग साचत नाही. अण्णांना ते भारी आवडलं.

"आणि हे तुझं बंद पडलं तर?"

"समोर पिवळा दिवा लागून राहतो. मग साधा ब्रेक उरतो. तेव्हा पुन्हा तुमचंच, दाब, सोड, दाब."

आता गाडी सुरू केली की ते आधी तो दिवा विझतो का ते बघतात.