कमी बजेटमध्ये व्हिडिओ एडिटिंग आणि म्युझिक: कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक शूट केलीत, आता व्हिडिओ बनवायचाय, पण बजेट शून्य? तरी क्रॅक सॉफ्टवेअर टाकू नका. त्यासोबत मालवेअर येऊ शकतो आणि तुमचे पासवर्ड चोरीला जाऊ शकतात. चांगले मोफत पर्याय आहेत.

व्हिडिओसाठी: लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही ओपन सोर्स आहेत, वॉटरमार्क येत नाही. १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फ्री आवृत्ती उत्तम. त्यात पेड इफेक्ट वापरला तरच वॉटरमार्क येतो.

म्युझिकसाठी: मोबाईलवर बँडलॅब, आयफोन असेल तर गॅरेजबँडही मोफत. पीसीवर नुसतं कापायला-जोडायला ऑडॅसिटी पुरतं. पूर्ण गाणं करायचं तर रीपर बघा: ट्रायल ६० दिवसांची, वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये गाणं एक्सपोर्ट होतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही. हे माहीत नसेल तर रात्रभराची मेहनत अडकते.

शूट करतानाच: ढोल-ताशाचा आवाज रेकॉर्डिंगमध्येच फाटला, तर नंतर कुठलंच सॉफ्टवेअर तो पूर्ण दुरुस्त करू शकत नाही. पथकापासून थोडं लांब उभे राहा, ॲपमध्ये सोय असेल तर माइकचा गेन कमी करा.

पैसे भरण्याआधी ३० सेकंदांची क्लिप एक्सपोर्ट करून बघा. लॅपटॉप अडकला, तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही.