सॅटेलाव्ह्यू : आकाशमार्गें आलेल्या खेळांचीं साधनें

कोणत्याही ग्रंथाचा इतिहास लिहितांना त्याची अस्सल प्रत कोठें आहे, हा पहिला प्रश्न असतो. परंतु ग्रंथ ठरल्या घटकेस वाचकाच्या घरीं प्रकट झाला आणि घटका सरतांच अंतर्धान पावला, असें जेथें घडलें तेथें संशोधकानें काय करावें? जपानांत १९९५ ते २००० या अवधींत चाललेल्या 'सॅटेलाव्ह्यू' या व्यवस्थेनें हा प्रश्न उभा केला आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. घरगुती व्हिडिओ गेम यंत्रास दुरून खेळ पुरविण्याचे आरंभींचे प्रयत्न अमेरिकेंत झाले. १९८१ मध्यें 'प्लेकेबल' ही सेवा इंटेलिव्हिजन यंत्रास दूरचित्रवाणीच्या केबलमधून खेळ पाठवूं लागली. यंत्र बंद होतांच खेळ नाहींसा होई. १९८३ मध्यें 'गेमलाइन'नें हेंच काम अटारी २६०० यंत्रासाठीं टेलिफोनच्या तारेनें केलें. ती कंपनी लवकरच डबघाईस आली, तरी तिच्याच अवशेषांतून पुढें 'अमेरिका ऑनलाइन' उदयास आली. जपानांत निन्टेंडोनें १९८८ मध्यें फॅमिकॉम यंत्रास मोडेम जोडून, नोमुरा सिक्युरिटीजच्या सहकार्यानें, घरबसल्या शेअरांचे व्यवहार करण्याची सोय केली होती.

सॅटेलाव्ह्यूचें प्रक्षेपण २३ एप्रिल १९९५ रोजीं सुरू झालें. सुपर फॅमिकॉम यंत्राच्या खालीं बसविण्याचा हा एक जोड होय. प्रक्षेपण 'सेंट गीगा' या उपग्रह-रेडिओ संस्थेकडे होतें. ही संस्था मूळची समुद्राच्या भरती-ओहोटीच्या मानानें निसर्गध्वनि व संगीत ऐकविणारी. तिच्याच मार्गानें आतां खेळ उतरूं लागले. ग्राहकास पडद्यावर एक नगर दिसे व त्यांतील इमारतींत शिरून तो चालू प्रक्षेपण उतरवून घेई. खेळ आठ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट, मावेल अशा मेमरी पॅकमध्यें राही. जागा अपुरी, म्हणून नवा घ्यावयाचा तर बहुधा जुना पुसावा लागे. शिवाय कित्येक खेळ ठराविक वेळांहून अधिक उघडत नसत.

याहूनही बिकट प्रकार 'साउंडलिंक' कार्यक्रमांचा. ऑगस्ट १९९५ मध्यें 'बीएस झेल्डा नो देन्सेत्सु' हा खेळ दर आठवड्यास एक याप्रमाणें चार भागांत प्रक्षेपित झाला. खेळ पॅकमध्यें येई. परंतु निवेदनाचा आवाज त्याच वेळीं उपग्रहावरून ऐकूं येई. ठराविक मिनिटास आवाज एखादी घटना सांगे व तीच पडद्यावर घडे. हा आवाज पॅकमध्यें कधींच उतरला नाहीं. कीर्तनकाराच्या टिपणावरून कीर्तन जितकें कळेल, तितकाच हा खेळ त्या पॅकवरून कळतो.

३० जून २००० रोजीं प्रक्षेपण कायमचें थांबलें. तेव्हांपासून अभ्यासकांस तीनच साधनांवर भिस्त ठेवावी लागते. पहिलें, ग्राहकांच्या घरीं राहिलेले मेमरी पॅक. दुसरें, कोणी हौसेनें घरच्या व्हिडिओ कॅसेटवर टिपलेलें प्रक्षेपण. तिसरें, तत्कालीन मासिकांत छापलेलीं वेळापत्रकें व वर्णनें. यांचें प्रामाण्य सारखें नाहीं. वेळापत्रकानें प्रक्षेपणाचा संकल्प सिद्ध होतो, त्याचें स्वरूप नव्हे. पॅक अव्वल साधन खरें, पण मुकें. कॅसेट बोलते, पण ती एकाच खेळाडूनें त्या दिवशीं काय पाहिलें तेवढेंच सांगते. तिन्ही ताडून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये, असें आमचें मत आहे. झेल्डाच्या बाबतींत रसिकांनीं पॅकमधील मजकूर व कॅसेटवरील आवाज यांची अशीच सांगड घातली आहे.

कांहीं खेळांस मूळ धनीच तारतो. स्क्वेअर कंपनीचा 'रॅडिकल ड्रीमर्स' हा बहुतांशीं मजकुराचाच खेळ १९९६ मध्यें या मार्गें आला, आणि २०२२ मध्यें 'क्रोनो क्रॉस'च्या नव्या आवृत्तींत पुनः प्रसिद्ध झाला. परंतु असा योग विरळा. एरवीं सर्व भार संग्राहकांवरच पडतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. या पॅकमधील लेखन विद्युद्भाररूपानें टिकतें व तो भार कालांतरानें झिरपून जातो. कागदास कसर लागली तर छिद्र तरी दिसतें. येथें वरचें कवच जसेंच्या तसें राहून आंतील अक्षर नष्ट होतें. दुर्मिळ म्हणून पॅक कुलुपांत ठेवणारा संग्राहक अशा रीतीनें रिकामी पेटीच राखीत असण्याचा संभव आहे. नक्कल करूं दिल्यानें अस्सलाचें स्वामित्व जात नाहीं, हें जुन्या दप्तरांच्या धन्यांस पटवितांना आपल्याकडील संशोधकांस किती सायास पडले, तें वाचकांस ठाऊकच आहे. तेथें कागद निदान वाट पाहूं शकत होता. येथें तेवढाही अवकाश नाहीं. पॅक ज्यांच्या हातीं आहेत, त्यांनीं नक्कल आधीं करूं द्यावी, मोलाचा विचार मागाहून करावा.